पेशीच्या आत दडलेल्या जिवाणूंवर प्रतिजैविक कसं तपासायचं: साल्मोनेला आणि मॅक्रोफेजचा पहिला प्रयोग

टायफॉइडच्या रुग्णाच्या रक्तातून वाढवलेला साल्मोनेला हा जिवाणू आगरच्या प्लेटवर जेंटामायसिन या प्रतिजैविकाच्या चकतीभोवती बऱ्याचदा छान मोकळं वर्तुळ सोडतो. तरीही अहवालात ‘जेंटामायसिनला संवेदनशील’ असं लिहायचं नसतं. अशा चाचण्यांचे निकष ठरवणाऱ्या सीएलएसआय या संस्थेच्या नियमावलीतच तशी ताकीद आहे: साल्मोनेलावर अमायनोग्लायकोसाइड (जेंटामायसिन याच गटातलं) आणि पहिल्या-दुसऱ्या पिढीतली सेफॅलोस्पोरिन प्लेटवर काम करताना दिसतील, रुग्णात करणार नाहीत. कारण हा जिवाणू यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेतल्या मॅक्रोफेजच्या, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींच्या, पोटात राहतो. जेंटामायसिन तिथे पोचतं ते फार सावकाश, आणि पोचलं तरी तिथल्या आम्लात त्याची धार जाते.

मग पेशीच्या आतला जिवाणू औषधाने मरतो की नाही हे मोजायचं कसं? त्यासाठी प्रयोगशाळांत सर्रास वापरली जाते ती ‘जेंटामायसिन प्रोटेक्शन ॲसे’ ही चाचणी. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाला हा प्रयोग अनेकांच्या वाट्याला येतो आणि हातात एक पानी प्रोटोकॉल पडतो. तो प्रोटोकॉल चुकीचा नसतो, पण कुठली पायरी कशासाठी आहे ते त्यात नसतं. माझ्या मते या प्रयोगात एकच प्रश्न सतत विचारायचा असतो: या क्षणी औषध कुठे आहे? पेशीबाहेर, पेशीच्या आत, की तुमच्या पिपेटबरोबर आगरच्या प्लेटवर? खोटे निकाल येतात ते बहुतेक या हिशेबात गफलत झाल्यामुळे.

काय घ्यायचं

जिवाणू म्हणून साल्मोनेला टायफिम्युरियम घ्या, टायफी नको. टायफी हा माणसाचा जिवाणू. उंदराच्या मॅक्रोफेजमध्ये तो धड टिकत नाही आणि हाताळणाऱ्यालाही धोका जास्त. टायफिम्युरियम उंदराच्या पेशीत मजेत वाढतो. चंडीगडच्या एमटीसीसी संग्रहातून तो मागवता येतो. पेशी म्हणून रॉ २६४.७ ही मॅक्रोफेजची लाइन. ती पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या एनसीसीएसच्या पेशीसंग्रहातून मिळते. बाल्ब-सी जातीच्या उंदरापासून आलेल्या या पेशींत साल्मोनेलाला आवर घालणारं एनरॅम्प-१ हे प्रथिन निकामी असतं, म्हणून जिवाणू आत जोमाने वाढतो. औषध तपासायला ते सोयीचंच आहे: जिवाणू कमी झाला तर ते श्रेय औषधाचं, पेशीचं नाही.

काम बीएसएल-२ (जैवसुरक्षेची दुसरी पातळी) पातळीचं आहे. क्लास-२ कॅबिनेट हवं आणि संसर्ग दिलेल्या प्लेटसाठी शक्यतो वेगळा इन्क्युबेटर. तो नसेल तर निदान खालचा कप्पा राखून ठेवा आणि सगळ्यांना दिसेल अशी चिठ्ठी लावा. ज्यांच्या पेशी वरच्या कप्प्यात आहेत त्यांच्याशी भांडण नको असेल तर हे पहिल्याच दिवशी करा.

पेशींचा मीडिया आधी बदला

नव्या मुलांकडून सर्वांत जास्त राहून जाते ती ही गोष्ट. बहुतेक प्रयोगशाळांत डीएमईएममध्ये (पेशी वाढवायच्या मीडियात) पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन घालूनच ठेवलेलं असतं. त्यातलं स्ट्रेप्टोमायसिन हळूहळू पेशीत शिरून साठतं. अशा पेशींना संसर्ग दिलात तर तुम्ही मोजत असलेल्या औषधाच्या आधीच एक औषध आत हजर असतं. प्रयोगाच्या आधी किमान एक-दोन पॅसेज (पेशी नव्या भांड्यात वाढवण्याच्या फेऱ्या) प्रतिजैविकाशिवायच्या मीडियात करा: डीएमईएम आणि १० टक्के सीरम. सीरम ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवून घेतलेलं असावं. औषधाशिवाय पेशी दोन दिवसांत गढूळ झाल्या, तर तुमच्या हाताळणीत किंवा हूडमध्ये आधीपासूनच काहीतरी वाढत होतं आणि पेन-स्ट्रेप ते झाकत होतं, असं समजा.

मायकोप्लाझ्माची (पेशींच्या कल्चरमध्ये नकळत शिरणाऱ्या बारीक जिवाणूची) चाचणीही याच टप्प्यावर करा. या प्रयोगात तपासायची औषधं, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि अझिथ्रोमायसिन, दोन्ही मायकोप्लाझ्मावर चालतात. पेशींत तो असेल तर औषध दिलेल्या पेशी आणि न दिलेल्या पेशी यांच्यात साल्मोनेलाशी संबंध नसलेला फरक पडतो.

रॉ पेशी ट्रिप्सिनने सुटत नाहीत, स्क्रेपरने हलक्या हाताने खरवडा. ट्रिपॅन ब्लूने मोजा आणि २४ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये आदल्या संध्याकाळी प्रत्येक वेलमध्ये अडीच ते तीन लाख पेशी टाका. सकाळी एखादी जादा वेल खरवडून पुन्हा मोजा. पेशी रात्रीतून वाढतात, आणि जिवाणूंचं प्रमाण सकाळच्या आकड्यावर ठरवायचं असतं, आदल्या संध्याकाळच्या नव्हे.

एमआयसी दोनदा काढा

पेशींना हात लावण्याआधी साध्या ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनने तुमच्या जिवाणूची एमआयसी (वाढ थांबवणारी औषधाची किमान मात्रा) काढा: म्यूलर-हिंटन ब्रॉथ, दर मिलीला ५ लाख जिवाणू. एकदा नेहमीच्या पीएचला आणि एकदा पीएच ५.५ ला. साल्मोनेला ज्या पोकळीत राहतो तिथला पीएच ५ च्या आसपास किंवा त्याहून खाली जातो. अझिथ्रोमायसिनची एमआयसी आम्लात कित्येक पटींनी चढलेली दिसेल, जेंटामायसिनचीही चढते. हे एक टेबल हाताशी असलं की पुढे आलेल्या निम्म्या विचित्र आकड्यांचा उलगडा आपोआप होतो.

औषध वजन करताना बाटलीवरची पोटन्सी बघा. जेंटामायसिन सल्फेटच्या १ मिलिग्रॅम पावडरमध्ये १ मिलिग्रॅम जेंटामायसिन नसतं, बरंच कमी असतं. सिप्रोफ्लॉक्सासिन घेताना हायड्रोक्लोराइड घ्या, ते पाण्यात विरघळतं. नुसतं सिप्रो उदासीन पाण्यात तळाशी बसतं आणि तुम्हाला वाटतं द्रावण तयार झालं. अझिथ्रोमायसिन इथेनॉलमध्ये विरघळवा आणि तेवढंच इथेनॉल कंट्रोलच्या वेलमध्येही घाला.

किती मात्रा घ्यायची? एमआयसीच्या पटीत एक मालिका हवीच, पण तिच्यात रुग्णाच्या रक्तात प्रत्यक्ष येणारी पातळीही ठेवा. ५०० मिलिग्रॅम सिप्रो तोंडाने घेतल्यावर रक्तात साधारण २ ते २.५ मायक्रोग्रॅम प्रति मिली इतकी कमाल पातळी येते. तेवढ्याच अझिथ्रोमायसिनने जेमतेम ०.४ च्या आसपास. साल्मोनेलाची अझिथ्रोमायसिनची एमआयसी मात्र ४ ते ८ च्या घरात असते. नुसत्या रक्तातल्या पातळीवरून पाहिलं तर हे औषध टायफॉइडमध्ये चालायलाच नको. तरी चालतं, कारण पेशी ते बाहेरच्यापेक्षा कितीतरी पट जास्त आत साठवतात. म्हणून ०.४ ची वेल गाळू नका.

निवडलेल्या सर्वांत मोठ्या मात्रेला संसर्ग न दिलेल्या पेशी २४ तास ठेवून एमटीटी (पेशी जिवंत आहेत का ते दाखवणारी रंगाची चाचणी) करून घ्या. औषधाने पेशीच मरत असतील तर पुढचं सगळं मुसळ केरात.

संसर्गाचा दिवस

आदल्या रात्री एलबी ब्रॉथमध्ये, ३७ अंशांवर, हलवत वाढवलेलं कल्चर घ्या. वाढीच्या ऐन भरात असलेला साल्मोनेला पेशीत घुसण्याची यंत्रणा पूर्ण उघडून बसलेला असतो आणि मॅक्रोफेजला फार लवकर मारतो. रात्रभर वाढून थंडावलेला जिवाणू पेशी स्वतःहून गिळते आणि ती जास्त वेळ टिकते. आपल्याला २४ तास काढायचे आहेत, तेव्हा थंडावलेलाच बरा.

आता हिशेब. ६०० नॅनोमीटरला ओडी (कल्चरच्या गढूळपणाचं माप) १ म्हणजे ढोबळ मानाने दर मिलीला १०० कोटी जिवाणू. समजा सकाळच्या मोजणीत वेलमध्ये ५ लाख पेशी आहेत आणि एका पेशीमागे १० जिवाणू द्यायचे आहेत, म्हणजे ५० लाख जिवाणू. ओडी १ चं कल्चर पीबीएसने (क्षारांच्या बफर द्रावणाने) धुऊन मीडियात १०० पट पातळ केलं की दर मिलीला १ कोटी होतात. त्यातलं अर्धा मिली प्रत्येक वेलमध्ये. उरलेल्यातून लगेच डायल्यूशन करून प्लेटवर लावा, कारण ओडीचा आकडा हा अंदाज आहे आणि शोधनिबंधात लिहायचा आकडा उद्या कॉलनी मोजून येणार आहे.

प्लेट २०० जी ला ५ मिनिटं फिरवा म्हणजे सगळे जिवाणू एकाच वेळी पेशींवर बसतील. मग ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, ३० मिनिटं. कोमट पीबीएसने तीन वॉश. रॉ पेशी फार घट्ट चिकटलेल्या नसतात, पीबीएस वेलच्या भिंतीवरून सोडा, पेशींवर थेट पिचकारी मारू नका.

त्यानंतर १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली जेंटामायसिन असलेला मीडिया, १ तास. बाहेर राहिलेले जिवाणू याने मरतात, आतले वाचतात. अर्थात तुमचा जिवाणू जेंटामायसिनला दाद देणारा असेल तरच. काही म्युटंटमध्ये आणि फ्लुओरेसंट प्लाझमिडमध्ये जेंटामायसिनचाच रेझिस्टन्स जनुक घातलेला असतो. म्हणून पेशी नसलेल्या एका वेलमध्ये तेवढेच जिवाणू, तेवढंच जेंटामायसिन, तेवढाच वेळ ठेवून प्लेट लावा. तिथे शून्य कॉलनी आल्या पाहिजेत. हा कंट्रोल प्रोटोकॉलच्या पानावर सहसा नसतो.

तास झाला की तीन वॉश, आणि तीन वेल लगेच फोडा. हा तुमचा शून्य तास. बाकीच्या वेलमध्ये तपासायची औषधं घाला.

जेंटामायसिन ठेवायचं की काढायचं?

इथे पंचाईत होते आणि ती टाळता येत नाही, फक्त सांभाळता येते. जेंटामायसिन पूर्ण काढून टाकलं तर फुटलेल्या पेशींतून बाहेर पडलेले जिवाणू मीडियात बेसुमार वाढतात. सकाळी लाल मीडिया पिवळाधमक झालेला असतो आणि वेलमध्ये पेशी उरलेल्या नसतात. उलट जास्त जेंटामायसिन २४ तास ठेवलं तर पेशी ते घोटाघोटाने आत घेत राहतात आणि ते लायसोसोममध्ये (पेशीतल्या आम्लयुक्त पिशव्यांत) साठतं. ‘जेंटामायसिन पेशीत शिरत नाही’ हे वाक्य तासाभरापुरतं खरं आहे, दिवसभरासाठी नाही.

माझा कल असा: पहिल्या तासानंतर मात्रा एमआयसीच्या आसपास आणायची आणि ती सगळ्या वेलमध्ये सारखीच ठेवायची, औषधाच्याही आणि कंट्रोलच्याही. कित्येक प्रोटोकॉलमध्ये १० ते २० मायक्रोग्रॅम ठेवतात. नुसती जिवाणूंची वाढ बघायची असेल तर ते चालून जातं. औषध तपासताना मला ते जास्त वाटतं. काहीजण औषधाच्या वेलमध्ये जेंटामायसिन ठेवत नाहीत, कारण एमआयसीपेक्षा जास्त असलेलं तपासणीचं औषध बाहेरच्या जिवाणूंना स्वतःच आवरतं. पण ०.४ च्या अझिथ्रोमायसिनची वेल आठवा, तिथे तो युक्तिवाद लागू पडत नाही.

काहीही ठरवलंत तरी पेशी फोडण्याआधी प्रत्येक वेलमधला वरचा मीडिया थोडा काढून प्लेटवर लावा. बाहेर किती जिवाणू होते ते कळल्याशिवाय आतला आकडा वाचू नका. आणि एका वेलमध्ये ५० मायक्रोग्रॅम जेंटामायसिन मुद्दाम २४ तास ठेवून बघा. आतले जिवाणू किती घटतात ते स्वतःच्या प्लेटवर दिसलं की पुढे कुणी पटवून द्यावं लागत नाही.

पेशी फोडणं आणि मोजणं

ठरलेल्या वेळी, समजा ६ आणि २४ तासांनी, मीडिया काढा, तीन वॉश द्या, पीबीएसमधलं ०.१ टक्का ट्रायटन एक्स-१०० एक मिली घाला, १० मिनिटं थांबा आणि पिपेटने वरखाली करून वेलचा तळ नीट सोडवून घ्या. मायक्रोस्कोपखाली अख्खी पेशी दिसता कामा नये. साल्मोनेलाला एवढं ट्रायटन सोसतं. दुसरा जिवाणू घेतलात तर आधी तपासा.

मग दहापट डायल्यूशन, आणि आगरवर प्रत्येकाचे १० मायक्रोलिटरचे ठिपके. दुसऱ्या दिवशी प्लेट उजेडासमोर धरून बघा. कंट्रोलच्या रांगेत पहिला ठिपका गच्च, दुसरा गच्च, तिसऱ्यात मोजता न येणारी गर्दी, चौथ्यात १५-२० कॉलनी: ही निरोगी रांग. सिप्रोच्या रांगेत पहिला ठिपका कोरा आणि दुसऱ्यात १८ कॉलनी असतील, तर नीट थांबा. दहापट दाट द्रावणात शून्य आणि पातळ द्रावणात अठरा, हे गणितात बसत नाही. याचा अर्थ पहिल्या ठिपक्यासोबत औषधही प्लेटवर उतरलं आणि जिवाणू पेशीत नव्हे, तुमच्या आगरवर मेले. दुसरा ठिपका लावलाच नसता तर ‘सिप्रोने सगळे मारले’ असं लिहून मोकळे झाला असता.

याला कॅरी-ओव्हर म्हणतात. उपाय सोपे आहेत: वॉश वाढवा, ठिपक्यांऐवजी मोठ्या प्लेटवर पसरवा म्हणजे औषध आगरमध्ये विरतं, किंवा लायसेट (फोडलेल्या पेशींचं द्रावण) सेंट्रिफ्यूज करून जिवाणू पुन्हा स्वच्छ पीबीएसमध्ये घ्या. आगरमध्ये ०.४ टक्का ॲक्टिव्हेटेड चारकोल मिसळला तर तो औषध शोषून घेतो, फक्त काळ्या प्लेटवर कॉलनी मोजायची सवय करावी लागते. पुरावा हवा असेल तर संसर्ग न दिलेल्या पण औषध दिलेल्या पेशी त्याच पद्धतीने फोडा, त्या लायसेटमध्ये मोजून २००-३०० जिवाणू सोडा आणि लगेच प्लेट लावा. तेवढेच परत आले तर निश्चिंत.

मोजणीची खालची मर्यादाही लिहून ठेवा. १ मिली लायसेटमधले १० मायक्रोलिटर लावले तर एक कॉलनी म्हणजे वेलमध्ये १०० जिवाणू. ठिपका कोरा म्हणजे ‘शून्य’ नव्हे, ‘१०० पेक्षा कमी’.

आकडे वाचताना

समजा शून्य तासाला वेलमध्ये २ लाख जिवाणू होते. २४ तासांनी कंट्रोलमध्ये २० लाख झाले, अझिथ्रोमायसिनच्या वेलमध्ये १ लाख राहिले आणि सिप्रोच्या वेलमध्ये २ हजार. कंट्रोलशी तुलना केली तर अझिथ्रोमायसिनने जिवाणू २० पट कमी केले, ऐकायला भारी वाटतं. शून्य तासाशी तुलना केली तर २ लाखांचे १ लाख, म्हणजे मुख्यतः वाढ थोपवली. सिप्रोने मात्र शून्य तासाच्याही १०० पट खाली आणलं, त्याने मारलं. दोन्ही तुलना लिहा. नुसती कंट्रोलशी केलेली तुलना दिसली की मी शून्य तासाचा आकडा शोधायला लागतो, आणि तो नसेल तर त्या निकालावर फारसा विसंबत नाही.

आणखी एक सापळा पेशींच्या मरणाचा. मेलेल्या पेशीचं आवरण फाटतं, बाहेरचं जेंटामायसिन आत शिरतं आणि जिवाणू मरतात. शिवाय सुटलेल्या पेशी वॉशमध्ये वाहून जातात आणि आतल्या जिवाणूंसकट गटारात. दोन्ही वेळा प्लेटवर कॉलनी कमी दिसतात आणि श्रेय औषधाला मिळतं. म्हणून प्रत्येक मात्रेसाठी जादा वेल ठेवून जिवंत पेशी मोजा किंवा लायसेटमधलं प्रथिन मोजा, आणि जिवाणूंचा आकडा दर वेलबरोबर दर लाख पेशींमागेही द्या.

पेशीत साठणं म्हणजे पेशीत काम करणं नव्हे, हेही याच आकड्यांतून दिसतं. अझिथ्रोमायसिन सिप्रोपेक्षा पेशीत कितीतरी जास्त साठतं, पण त्यातलं बरंचसं आम्लयुक्त लायसोसोममध्ये अडकतं आणि आम्लात ते दुबळं पडतं. पीएच ५.५ ची एमआयसी काढायला सांगितली होती ती यासाठी.

एका दिवशीच्या तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. पेशी नव्या, कल्चर नवं, दिवस वेगळा, असं तीनदा झालं की मग सांख्यिकीकडे वळा. सरासरी आणि तुलना लॉग आकड्यांवर करा.

आवराआवर आणि उरलेल्या कॉलनी

वरचा मीडिया, वॉश, लायसेट हे सगळं १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये ३० मिनिटं राहू द्या. प्लेट आणि टिप १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिशवीत जाता कामा नयेत. हायपोक्लोराइट घातलेलं काहीही ऑटोक्लेव्हमध्ये ठेवू नका, क्लोरीनचा वास खोलीभर पसरतो आणि यंत्रही गंजतं.

सिप्रोच्या वेलमध्ये उरलेल्या त्या २ हजार जिवाणूंच्या कॉलनी मात्र टाकू नका. चार-पाच उचला, ब्रॉथमध्ये वाढवा, ग्लिसरॉल स्टॉक करा आणि पुन्हा एमआयसी काढा. एमआयसी चढली असेल तर रेझिस्टंट म्युटंट निवडला गेला. बहुतेक वेळा ती आधीइतकीच निघते. असे जिवाणू औषधाला प्रतिरोधक झालेले नसतात, वाढ थांबवून पडून राहिलेले असतात. मॅक्रोफेजने गिळल्यावर साल्मोनेलात अशा न वाढणाऱ्या पर्सिस्टरचं प्रमाण वाढतं, हे सोफी हेलेन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं. तुमच्याकडे तसंच आहे का ते बघायला ६ आणि २४ च्या मध्ये आणखी दोन-तीन वेळा वेल फोडा: आधी आकडा झपाट्याने पडला आणि मग रेष जवळजवळ आडवी झाली, तर पुढचा प्रयोग त्या आडव्या रेषेवर लावा, सिप्रोची मात्रा वाढवून काही हाती लागणार नाही.